ख्रिस्तप्रसादाची वेसण

भ्रूणहत्या पातक आहे, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. प्रश्न निराळाच आहे. प्रगत गर्भावस्थेतील गर्भपातावर कडक निर्बंध घालणारे विधेयक अमेरिकेतील कॅन्ससच्या गव्हर्नर कॅथलीन सिबेलियस यांनी २००८ मध्ये नकाराधिकाराने रोखले. त्या कॅथलिक, म्हणून आर्चबिशप नॉमन यांनी त्यांस ख्रिस्तप्रसाद न घेण्यास बजावले! लोकनियुक्त शासनकर्त्याने उत्तर द्यावयाचे कोणास, मतदारास की धर्मगुरूस? पुढील वर्षी असे गर्भपात करणारे डॉ. टिलर चर्चमध्येच गोळीला बळी पडले. (मारेकरी धर्मपीठाने धाडला नव्हता, हेही नोंदवू.) २०२२ मध्ये गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढणाऱ्या दुरुस्तीसाठी कॅथलिक धर्मप्रांतांनी पैसा ओतला. त्याच सश्रद्ध कॅन्ससने ती सुमारे ५९ टक्के मतांनी फेटाळली.