गाडी, खाडी आणि फेरीबोट

आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. अलिबागसमोर पाण्यात उभ्या असलेल्या किल्ल्यावरून पडलेले. तरीही भिसेगाव-कर्जतच्या माणसाला सुट्टी लागली की घाटच आठवतो. खंडाळा, लोणावळा, फार तर माथेरान. हल्ली मात्र मोबाइलवर ग्रीसचे व्हिडिओ पाहून घरातली तरुण मंडळी विचारू लागली आहेत, की गाडी बोटीत घालून बेटाबेटाने हिंडणे आपल्याकडे जमेल का? जमते की! फक्त त्याचा बेत किलोमीटर मोजून आखता येत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कोकणात फेरीबोट, म्हणजे तिकडच्या बोलीत जंगल, तुमची गाडी खाडीपार नेते, बेटावर नाही. कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग ही बेटे आहेत, पण तिथे गाडी काठावर ठेवून आपण एकट्याने जायचे. गाडीसकट बेटावर उतरायची हौस असेल तर गोव्यात जावे. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी, दिवाडीहून दुसऱ्या फेरीबोटीने डिचोली तालुक्यातले नार्वे, तिथून मयेच्या रस्त्याने पुलावरून चोडण, आणि चोडणहून पुन्हा पाण्यातून रायबंदर. दोन बेटे, तीन फेऱ्या, आणि सगळे एका दिवसात. दिवाडीचा सप्तकोटीश्वर पोर्तुगीज काळात याच वाटेने खाडी ओलांडून नार्व्याला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला.

पण भिसेगावहून निघणाऱ्याने पहिला प्रवास आपल्याच किनाऱ्याचा करावा. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि मुंबईकरांची मोठी सोय झाली. आपल्याला तिचा उपयोग नाही. बोटीची हौस म्हणून कर्जतहून आधी मुंबई गाठायची आणि मग अलिबागला यायचे, हा द्राविडी प्राणायाम झाला. आपला सरळ रस्ता खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग.

माझ्या मते चार दिवस हवेत. पहिल्या दिवशी अलिबाग आणि रेवदंड्यावरून मुरूड. दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा, मग आगरदांडा ते दिघी जंगल, आणि मुक्काम दिवेआगर किंवा श्रीवर्धनला. तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वरवरून बागमांडला, तिथे सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, पुढे केळशी, आंजर्ले, हर्णे. संध्याकाळी हर्णे बंदरातला मासळीचा लिलाव चुकवू नये. सुवर्णदुर्ग समोरच दिसतो. चौथ्या दिवशी दाभोळला वाशिष्ठी पार करून धोपावे, गुहागर, आणि परतीला चिपळूण, महाड, वाकण, पाली, खोपोली. तवसाळ ते जयगड ही आणखी एक फेरी मोहात पाडते, पण तिच्यासाठी पाचवा दिवस काढावा. चौथ्यातच ती कोंबली तर ना गुहागर धड बघून होते ना जयगड.

आता पाण्याचा हिशेब. आपल्या किनाऱ्यावर कोळी मंडळींचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सहा तास आधी, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. त्या सुमारास कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते, मात्र पाणी फिरायच्या आत परतले पाहिजे. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. वेळ सोयीची वाटते, पण ते भांगाचे दिवस. पाणी पुरेसे उतरतच नाही. म्हणून सुट्टीचा अर्ज करण्याआधी कालनिर्णय उघडावे. अर्थात हा झाला अंदाज. शेवटचा शब्द किनाऱ्यावरच्या माणसाचा.

जंगलात गाडी चढवताना घाई करू नये. ओहोटीला उतार तीव्र होतो आणि खाली बसकी गाडी घासते, तेव्हा सामान कमी आणि माणसे पायी. आत गेल्यावर इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. खिशात सुटे पैसे ठेवावेत. आणि महत्त्वाचे, शेवटच्या फेरीच्या भरवशावर दिवस आखू नये. ती चुकली की पलीकडचे दिव्यांनी उजळलेले गाव डोळ्यांसमोर दिसते आणि रस्त्याने तिथे पोचायला अर्धी रात्र जाते.

इथेच या प्रवासाची खरी मेख आहे. जंगल हा रस्ताच आहे. दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली. तोवर वाशिष्ठीच्या एका काठावरच्या माणसाला गाडीने समोरच्या काठावर जायचे तर पार चिपळूणकडून वळसा पडायचा. आज विद्यार्थी, दुधवाले, पाहुणे, वऱ्हाड, सगळे त्याच फेरीने जातात. पर्यटक त्या गर्दीतला एक. तरीही आपण या फेऱ्यांकडे मौज म्हणून बघतो आणि रस्त्याचे नियम त्यांना लावत नाही.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी. त्यावरचे खाड्यांचे पूल आता राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहेत. ते व्हावेत. रात्री दवाखाना गाठायचा असलेल्या माणसाला होडीतली संध्याकाळ किती रम्य असते हे सांगण्यात अर्थ नाही. पण पूल झाला की फेरी बंद करू, हा विचार मला पटत नाही. बाणकोटच्या खाडीवरचा पूल वर्षानुवर्षे अर्धवट उभा राहिला, आणि त्या सगळ्या काळात बागमांडला-वेश्वी फेरीनेच लोकांना पार नेले. अंतुल्यांच्याच आंबेत गावचा सावित्रीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला, तेव्हाही तिथे फेरीबोटच आणावी लागली. गोव्यात मांडवीवर पुलांमागून पूल झाले, तरी सरकारचे नदी परिवहन खाते फेरीबोटी चालवतेच आहे. तसा विचार महाराष्ट्राने का करू नये?

तोवर एक साधी, कमी खर्चाची गोष्ट मेरीटाइम बोर्डाने करावी. फेरी चालू आहे की बंद, शेवटची किती वाजता, हे सांगणारा फलक धक्क्यावर नको, रस्त्याच्या फाट्यावर लावावा. आगरदांड्याला पोचल्यावर फेरी बंद असल्याचे कळून काय उपयोग? ते रेवदंड्यालाच कळले तर माणूस रोह्याचा रस्ता धरील. घाटात दरड कोसळली की पायथ्यालाच गाडी अडवतात. खाडीलाही तोच न्याय हवा.

असा फलक लागेपर्यंत, वाचकहो, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी धक्क्यावर फोन करून फेरीची खात्री करून घ्या आणि मगच गाडीत पेट्रोल भरा.

– भिसेगावकर