सिरक्याचे पिंप घरचे चालेल, पितळेची तोटी नको

नैसर्गिक सिरक्याचा जोडधंदा करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यापुढे जो प्रकल्प अहवाल ठेवला जातो, त्याच्या पहिल्याच पानावर अनेकदा स्टेनलेस स्टीलचे किण्वनपात्र, हवा पुरविणारे यंत्र आणि बाटल्या भरण्याचा संच यांची किंमत असते. ज्याच्या बांधावर जांभळाची चार झाडे आहेत, काजूच्या बागेत बोंडांचा खच पडतो किंवा गुऱ्हाळाशेजारी उसाचा रस शिल्लक राहतो, त्याच्यापुरता विषय तेथेच संपतो. वास्तविक सिरका हा यंत्रापेक्षा सूक्ष्मजीवांचा उद्योग आहे. गोव्यात माडाच्या सुरेपासून घरोघरी सिरका होत आला, तो कोणत्याही संयंत्राविना. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानेही ऊस, जांभूळ, द्राक्षे यांपासून सिरका करण्याचे तंत्र विकसित केले आहे. साधने घरी तयार करून खर्च वाचविण्याचा शेतकऱ्याचा विचार म्हणूनच योग्य ठरतो. उणीव आहे ती काटकसर कोठे थांबवावी, हे सांगणाऱ्या विस्तारकार्याची.

सिरका दोन टप्प्यांत होतो आणि या दोन टप्प्यांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. पहिल्या टप्प्यात यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. तेथे हवा नको. दुसऱ्यात अॅसिटोबॅक्टर वर्गातील जिवाणू त्या अल्कोहोलचे अॅसिटिक आम्ल करतात. त्यांना हवेवाचून चालत नाही. रसात १६ टक्के साखर असेल तर गणिताने वजनी सुमारे ८ टक्के अल्कोहोल मिळते. प्रत्यक्षात थोडे कमीच. ही दोन्ही कामे एकाच झाकणबंद पिंपात उरकण्याचा प्रयत्न हे घरगुती सिरका बिघडण्याचे नेहमीचे कारण होय.

पहिल्या टप्प्यासाठी झाकणाला भोक पाडून घट्ट बसविलेली नळी आणि तिचे दुसरे टोक बुडालेली पाण्याची बाटली एवढे पुरते. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. नळी न लावता झाकण आवळले, तर पिंप फुगून फुटण्याचा धोका असतो. दुसऱ्या टप्प्याचे भांडे रुंद तोंडाचे, अर्धे भरलेले आणि दाट विणीच्या मलमलीने बांधलेले असावे. चिलटांना सिरक्याचा वास दुरूनही लागतो. फ्रान्समधील ऑर्लिअन्सच्या जुन्या पद्धतीत पिंपे आडवी ठेवून अर्धवट भरत. त्यामागचे कारण इतकेच, की द्रवाचा जास्तीत जास्त पृष्ठभाग हवेला लागावा. विरजण म्हणून न तापविलेला चांगला सिरका साधारण चौथा हिस्सा घालावा. पृष्ठभागावर साय धरली की भांडे हलवू नये. मत्स्यालयाचा पंप सोडून काम लवकर उरकण्याचा मोह अनेकांना होतो. या पद्धतीत त्याने साय मोडते, शिवाय अल्कोहोल आणि सुगंध दोन्ही उडून जातात.

इथवर काटकसर निर्धोक आहे. धातूचा प्रश्न मात्र वेगळा आहे. अॅसिटिक आम्ल तांबे, पितळ, लोखंड, अॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा या सर्वांना खाते, आणि विरघळलेला धातू सिरक्यात उतरतो. हे ठाऊक असलेला शेतकरी प्लॅस्टिकचे पिंप घेतो खरा, पण त्याला तोटी बसवितो पितळेची, कारण हार्डवेअरच्या दुकानात तीच हाती येते. पिंपावरील त्रिकोणातल्या २ या आकड्यानेही अशीच फसगत होते. तो आकडा प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. ते खाद्यपदार्थासाठी योग्य आहे याची हमी देत नाही. रंग, रसायन किंवा कीटकनाशक भरलेले भंगारातील पिंप कितीही धुतले तरी घेऊ नये; प्लॅस्टिकमध्ये मुरलेला अंश धुण्याने जात नाही. अन्नासाठीचे नवे पिंप, काचेचे भांडे किंवा खात्रीची चिनीमातीची बरणी आणि तिला प्लॅस्टिकची खाद्ययोग्य तोटी, एवढा खर्च टाळण्याजोगा नाही. स्वस्त सिरक्यापायी घरातल्यांना जस्त पाजण्यात कसली बचत?

दुसरा न टाळण्याजोगा खर्च मोजमापाचा. साखर उतरली की नाही हे पाहण्यास हायड्रोमीटर घ्यावा. अल्कोहोल तयार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरचे आकडे फसवे होतात. आंबटपणासाठी पीएच कागदावर विसंबून चालत नाही, कारण आम्ल किती आहे हे त्यावरून कळत नाही. १० मि.लि. सिरका घेऊन फिनॉल्फथॅलीन हे दर्शक टाकावे आणि गुलाबी छटा टिकेपर्यंत १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडावे. जितके मि.लि. लागेल त्याला ०.६ ने गुणले की आम्लाची टक्केवारी मिळते. किण्वित सिरक्याला अन्नसुरक्षा मानकांनुसार किमान ३.७५ टक्के आम्ल लागते. ते भरले, की सिरका गाळून थोडा तापवावा आणि बाटल्या काठोकाठ भराव्यात. अल्कोहोल संपल्यावरही हवा मिळत राहिली तर तेच जिवाणू तयार झालेले आम्ल खाऊ लागतात, आणि महिन्यांची मेहनत पाणचट होते.

कायद्याची बाजूही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या टप्प्याअखेर पिंपात असते ते मद्यच. उत्पादन शुल्काचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत; गुजरात, बिहारसारख्या राज्यांत तर मद्यबंदी आहे. म्हणून काम सुरू करण्याआधीच संबंधित विभागाकडे लेखी विचारणा करावी. विक्री करायची तर एफएसएसएआयची नोंदणीही हवी.

शेतकऱ्याला हे सारे एकट्याने पेलण्याची गरज नाही. पात्र त्याने घरी करावे. आम्लमापनाची सोय कृषी विज्ञान केंद्राने करावी. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब काढण्यासाठी जो ब्युरेट वापरतात, तोच स्वच्छ धुऊन येथे चालतो. जेथे माती प्रयोगशाळा आहे, तेथे आठवड्यातील एक दिवस सिरक्याच्या नमुन्यांसाठी ठेवला, तर प्रात्यक्षिकासाठी स्टीलचे किण्वनपात्र विकत घेण्याचे कारणच उरत नाही.