बाबाला आई व्हायला जग संपावं लागतं?

'थांब, येऊ दे बाबांना, मग सांगते!' हे वाक्य ज्या घरात एकदाही उच्चारलं गेलं नाही, असं घर दाखवा आणि बक्षीस मिळवा! पोरगं ऐकेनासं झालं की आपण बाबांच्या नावाची भीती घालतो. तेच पोरगं तापानं फणफणलं की रात्रभर उशाशी मात्र आपणच. पुढे मुलगा मोठा होतो आणि आपल्यालाच कोडं पडतं, याचं वडिलांशी बोलणं 'गाडीची चावी कुठेय' आणि 'फी भरायचीय' एवढ्यावरच कसं येऊन थांबलं?

बापलेकाच्या नात्यावरची एक वेगळीच कादंबरी या निमित्तानं सांगावीशी वाटते. ती अमेरिकेतली आहे. कॉरमॅक मॅकार्थी या लेखकाची 'द रोड'. २००६ मध्ये ती आली, २००७ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं, त्याच वर्षी ऑप्रा विन्फ्रीनं आपल्या बुक क्लबसाठी ती निवडली आणि २००९ मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. विषय ऐकून मात्र दचकायला होतं. जगबुडीनंतरची गोष्ट आहे ही. कशानं काय झालं, ते लेखक सांगतच नाही. सगळं जळून गेलंय, जिकडेतिकडे राख आहे, झाडं मेलीत, पिकं नाहीत. उरलेल्यांपैकी कित्येक जण भुकेपायी माणसालाच खायला उठलेत. अशा जगात एक बाप आणि त्याचा लहानगा मुलगा, सुपरमार्केटमधली सामानाची गाडी ढकलत, थंडीपासून वाचायला दक्षिणेकडे समुद्राच्या दिशेनं चालत निघालेत. दोघांना नावंसुद्धा नाहीत. नुसता बाप आणि नुसता मुलगा.

जग संपल्यानंतरच्या गोष्टी काही नव्या नाहीत बरं का! 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणाऱ्या मेरी शेलीनं १८२६ मध्येच 'द लास्ट मॅन' लिहिली होती. तिच्यात साथीच्या रोगानं सगळी माणसं संपतात आणि शेवटच्या माणसाच्या सोबतीला उरतं एक कुत्रं. मॅकार्थीनं आपल्या माणसाच्या हातात एका लेकराचा हात दिला आणि गोष्टच बदलून गेली. एकट्या माणसाला फक्त जगायचं असतं. बापाला जगवायचं असतं.

आता बघा, हा बाप दिवसभर करतो तरी काय? शत्रूशी लढाया, बंदुकीची झटापट वगैरे आहे थोडीफार. पण पानामागून पानं भरलीत ती वेगळ्याच कामांनी. शिल्लक डबे मोजायचे, कुठला आधी उघडायचा ते ठरवायचं. शेकोटी पेटवून मुलाला कोरडं करायचं. बर्फात पाय गोठू नयेत म्हणून फडकी नि प्लॅस्टिक गुंडाळायचं. मुलाच्या केसांतलं रक्त धुवायचं. रात्री त्याचा श्वास नीट चाललाय ना, ते चाचपायचं. मध्येच जमिनीखाली अन्नानं भरलेलं एक तळघर सापडतं, तेव्हा हा बाप पहिल्यांदा काय करतो? मुलाला पोटभर जेवू घालतो, पाणी तापवून आंघोळ घालतो आणि कात्री घेऊन त्याचे केस कापतो!

ओळखीची वाटतायत ना कामं? आपण रोज करतो तीच! आपण केली की त्याला 'घरकाम' म्हणतात. या पुरुषानं केली, तर जगभरच्या वाचकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणखी एक प्रसंग सांगते. एकदा बाप मुलाला कोको करून देतो आणि स्वतःच्या कपात नुसतं गरम पाणी ओतून घेतो. मुलाच्या ते लगेच लक्षात येतं आणि तो बापाला चांगलंच धरतो, तू असं करणार नाही म्हणाला होतास ना! अहो, 'मला भूकच नाहीये, तुम्ही खा' असं म्हणून शेवटची पोळी मुलांच्या ताटात सरकवणारी आपली आई, सासू, आजी आठवली की नाही? फरक एवढाच, की आपल्याकडे ती चोरी सहसा कुणी पकडत नाही. ते पोर पकडतं.

पण मग या गोष्टीत आई कुठे आहे? इथेच मला लेखकाशी भांडावंसं वाटतं. जग जळाल्यानंतर ती बाळंत होते, बाळंतपण नवराच करतो. पुढे तिची उमेद संपते आणि एका रात्री नवऱ्याचं काही न ऐकता ती मरण पत्करून निघून जाते. तिच्या वाट्याला पुस्तकातली मोजकी पानं. तिचं दुःख खोटं नाही, उलट तिचं बोलणं फार खरं वाटतं. पण मनात येतंच, बापाला आई होऊ द्यायचं तर आईला आधी गोष्टीतून घालवावंच लागतं का? मुलांबरोबर बघितलेला 'फाइंडिंग निमो' आठवा, २००३ चा. त्यातही आधी आई जाते, मग बाप लेकराच्या मागे अख्खा समुद्र पालथा घालतो. म्हणजे आई घरात आहे तोवर बाबाची पाळी येतच नाही! नोकरी गेली, ऑफिस गेलं, मित्र गेले, टीव्ही गेला, बायको गेली, सगळं जग राख झालं, तेव्हा कुठे पुरुषाला लेकराचे केस धुवायला सवड मिळाली. हसायला येतं, पण पोटात कालवतंही.

लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यात डोकावलं तर हे जास्तच कळतं. मॅकार्थीची पहिली बायको ली कवयित्री होती, शिक्षिका होती. २००९ मध्ये ती गेली, तेव्हाच्या तिच्या मृत्युलेखात असं छापून आलं, की तान्हं बाळ आणि घर सांभाळत असतानाच, आपल्याला लिहायला वेळ मिळावा म्हणून तिनं नोकरीही धरावी, असं त्यानं तिला सांगितलं होतं. शेवटी ती घर सोडून गेली. साठी उलटल्यावर त्याला दुसरा मुलगा झाला, जॉन. त्या पोराबरोबर तो टेक्सासमधल्या एल पासो गावी हॉटेलात उतरला होता. रात्री पोर झोपलेलं, हा खिडकीशी उभा, लांब आगगाड्यांचा आवाज. पन्नास-शंभर वर्षांनी या गावाचं काय झालेलं असेल, असा विचार मनात आला आणि डोंगरावर आगी पेटलेल्या दिसायला लागल्या. 'द रोड'चं बी तिथलं, हे त्यानं २००७ मध्ये ऑप्राला सांगितलं. पुस्तक अर्पण केलंय जॉनलाच. त्यातली कितीतरी वाक्यं म्हणजे आपलं नि जॉनचं बोलणं जसंच्या तसं, असंही तो २००९ च्या एका मुलाखतीत म्हणाला. म्हणजे बघा, ही कादंबरी सुचली ती झोपलेल्या पोराच्या खोलीत जागं राहिल्यामुळे. लिहिण्यासाठी पोराला दूर ठेवावं लागतं, हा समज त्याच्या स्वतःच्याच पुस्तकानं खोटा ठरवला.

आणि या गोष्टीत मुलगा नुसता सांभाळला जात नाही, तो बापालाही सांभाळतो. वाटेत एक थकलेला म्हातारा भेटतो. बाप म्हणतो, चल पुढे. मुलगा म्हणतो, त्याला खायला देऊ. देतात. पुढे एक चोर त्यांचं सगळं सामान पळवतो. बाप त्याला गाठतो आणि रागाच्या भरात अंगावरचे कपडेसुद्धा काढायला लावतो. मुलगा इतका रडतो, की बापाला ते कपडे रस्त्यावर परत नेऊन ठेवावे लागतात. आपण चांगली माणसं आहोत ना, हे मुलगा पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि त्या प्रश्नामुळेच बाप माणूस राहतो. पण हा प्रश्न विचारायला पोर बापाच्या बाजूला असावं लागतं. बाप फक्त रात्री दहाला दिसणार असेल, तर विचारणार कुणाला?

कुणी म्हणेल, अहो, ते राबतात ते मुलांसाठीच ना! खरंय. अंगमोड करून कमावणाऱ्या बापाचं प्रेम मी नाकारत नाही. पण व्यवस्थाही बघा कशी आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, ते उत्तमच झालं. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला मात्र १५ दिवस. म्हणजे सरकारनंही ठरवून टाकलं, मूल कुणाचं काम ते!

थोडं आपल्याकडेही बघूया. बाबानं बाळाला उचललं, की 'अहो, मान धरा!' त्यानं दुपटं बदललं, की 'राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं.' सासूबाई म्हणतात, 'पुरुषमाणसाला कसली कामं सांगतेस?' आणि तोही खुशाल सुटतो. मैत्रिणींनो, 'द रोड'मधल्या बापालाही सगळं येत नव्हतं. त्याला शिकवायलाही कुणी उरलं नव्हतं. चुकतमाकत तो शिकला.

शेवटी बाप वाटेतच जातो. मुलगा तीन दिवस त्याच्याजवळ बसून राहतो. मग एक कुटुंब येतं आणि त्यातली बाई त्या पोराला जवळ घेते. आई गोष्टीत परत येते, पण बाप गेल्यावर. दोघं एकदम पोराजवळ आहेत, असं सुख त्या राखेच्या जगात नव्हतं. आपल्या घरात ते सहज जमण्यासारखं आहे. तेव्हा येत्या रविवारी पोराला आंघोळ घालायचं काम बाबांवर सोपवा. पाणी सांडेल, साबण डोळ्यांत जाईल, केस ओलेच राहतील. तुम्ही मात्र न्हाणीघरात डोकावू नका. बघा, जमतंय का!