आम्ही फक्त बाण बनवतो



"मारणारा वेगळा, बनवणारा वेगळा. बनवणाऱ्याला कसला दोष?" हा प्रश्न स्वाध्यायात कुणी ना कुणी विचारतंच. या वेळी तो अमेरिकेतल्या एका वाचक भगिनीने विचारला आहे. तिच्या मुलाच्या शाळेत धनुर्विद्या शिकवतात. मुलाच्या हातात जे धनुष्य आहे ते ज्या माणसाच्या कल्पनेतून आलं, त्याची कंपनी शिकारीची धनुष्यंही बनवते. "पण माणसं सज्जन आहेत हो, देवाला मानणारी आहेत. त्यांना पापी कसं म्हणायचं?" असं ती लिहिते.

आज मी याचं सरळ उत्तर देणार आहे. काहींना ते कडक वाटेल.

आधी ही माणसं कोण ते पाहू. माहिती न घेता नावं ठेवणं ही परनिंदा झाली.

अमेरिकेत धनुष्यबाणाने शिकार करणं हा लाखोंचा छंद आहे. त्याचा धंदा उभा करणाऱ्यांत पहिलं नाव घेतात फ्रेड बेअर यांचं. जन्म १९०२ चा. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात ते लाकडी साचे बनवत. आर्ट यंग नावाच्या शिकाऱ्याचा चित्रपट पाहिला आणि धनुष्याचं वेड लागलं. १९३३ साली, ऐन मंदीत, एका भागीदाराबरोबर अवघ्या ६०० डॉलरवर धंदा सुरू केला. पोटासाठी जाहिरातींची छपाई आणि बाजूला धनुष्यबाण. १९४७ मध्ये कारखाना मिशिगनच्या ग्रेलिंग या लहान गावात नेला. १९५६ मध्ये वस्तऱ्यासारखं धारदार 'रेझरहेड' पातं बाजारात आणलं. स्वतः अस्वलं मारली, आफ्रिकेत हत्ती मारला, त्याचे चित्रपट काढून लोकांना दाखवले. १९८८ मध्ये ते वारले. शिकारी लोक आजही त्यांचं नाव आदराने घेतात.

दुसरे मॅट मॅकफर्सन. १९९२ मध्ये त्यांनी 'मॅथ्यूज' कंपनी काढली. विस्कॉन्सिनमधल्या स्पार्टा या छोट्या गावात तिचा कारखाना आहे. आपली ख्रिस्ती श्रद्धा ते उघडपणे सांगतात. चर्चमधून मुलांना धनुर्विद्या शिकवण्याच्या उपक्रमामागेही तेच आहेत. आणि हेच गृहस्थ उत्तम गिटारही बनवतात! एकाच माणसाच्या डोक्यातून दोन तारा निघाल्या. एक छेडली की सूर निघतो, दुसरी सोडली की जीव जातो.

म्हणजे कष्टाळू, कल्पक, श्रद्धाळू माणसं. हे सगळं मी मान्य करते. आता त्यांनी बनवलेली वस्तू पाहू.

बंदुकीची गोळी धक्क्यानेही मारते. बाणाचं पातं मारतं ते कापून. बरगड्यांतून आत शिरून फुप्फुस नाहीतर हृदय चिरायचं आणि रक्तस्रावाने प्राणी पडू द्यायचा, हीच त्याची रीत. म्हणून शिकाऱ्याला शिकवतात की बाण लागल्यावर लगेच मागे धावू नकोस, अर्धा तास थांब, मग रक्ताचे थेंब पाहत जा. तो माग अंधारात नीट दिसावा म्हणून खास दिवे विकत मिळतात. माणसाचा वास हरणाला येऊ नये म्हणून वेगळा साबण मिळतो. या सगळ्यामागे कुणीतरी टेबलाशी बसून विचार केला आहे, नमुने केले आहेत, धार तपासली आहे.

आता आपल्या शास्त्राकडे या. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत. त्यांतला एक हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, विष, साखळी अशी वधाची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे हिंसादान. देणाऱ्याने स्वतः मुंगीही मारलेली नसेल, तरी दोष सांगितला आहे.

तुम्ही म्हणाल, मग शेजारणीला विळी द्यायची नाही का? द्या. विळीवर भाजी चिरली जाते, नारळ खवला जातो. स्वयंपाकातली हिंसा ही आरंभी हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही, म्हणून आपण ती जपून, कमीत कमी करतो. पण रेझरहेडने भाजी चिरत नाहीत. जिवंत प्राण्याला कापून मारणं हे त्या वस्तूचं एकच काम आहे. तिथे 'मारीन' हा संकल्प आधी होतो आणि पोलाद नंतर घडतं. ही संकल्पी हिंसा, आणि ती गृहस्थालाही माफ नाही.

जपमाळेचे १०८ मणी आठवा. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि चार कषाय. गुणाकार करा, १०८. मारण्याचा बेत करणं, साधनं जमवणं, दुसऱ्याकडून करवणं, नुसतं 'वा!' म्हणणं, प्रत्येकाचा मणी वेगळा आहे. "आम्ही फक्त बनवतो" म्हणणाऱ्यासाठी यात सूट कुठे आहे ते मला दाखवा.

त्यांचे दोन युक्तिवाद मात्र ऐकायला हवेत. पहिला असा, की जन्मभर पिंजऱ्यात कोंडलेल्या कोंबडीपेक्षा जंगलात मोकळं जगलेलं हरीण बरं. मांस खाणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारावा. पण मोठ्या पापाशेजारी उभं केल्याने लहान पाप पुण्य होत नाही.

दुसरा पैशाचा. तिथे बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाला देण्याचा कायदा १९३७ चा. १९७२ मध्ये धनुष्यबाणही त्यात आले, त्यावर ११ टक्के कर लागला. त्या पैशातून जंगलं राखली गेली, हे खरं आहे. पण त्याच १९७२ साली आपल्या देशाने वन्यजीव संरक्षण कायदा करून अनेक प्राण्यांच्या शिकारीला मनाई केली. राखायचं असेल तर मारल्याशिवायही राखता येतं. आणि दान चांगलं म्हणून कमाई शुद्ध ठरत नाही. हे वाक्य आपल्या मंदिरांतल्या संगमरवरी पाट्यांनाही लागू आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता त्या भगिनीच्या मुलाचं. गोल चकतीवर नेम धरू दे. मन एकाग्र होतं, पाठ सरळ होते. पण या शालेय उपक्रमात हरीण, अस्वल अशा फोमच्या प्राण्यांवर नेम धरायच्याही स्पर्धा होतात. तिथे 'नाही' म्हणा. "फोमचंच तर आहे" असं शिक्षक म्हणतील. यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्याने आणि त्याच्या आईने देवीपुढे कोंबडा कापला तो पिठाचा होता. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी पुढचे कित्येक जन्म पशुयोनीत गेले. पिठाचा कोंबडा आणि फोमचं हरीण यांत मला फरक दिसत नाही. लहान हाताला हृदय कुठे असतं ते दाखवून तिथे बाण मारायला शिकवायचं, ही भावहिंसाच आहे.

शेवटी आपल्या घरात या. स्पार्टा आणि ग्रेलिंग दूर आहेत. आपल्या दुकानांच्या फळीवर उंदराचं विष असतं, चिकट सापळे असतात. "गिऱ्हाईक मागतं, आम्ही फक्त विकतो." ऐकल्यासारखं वाटतं ना हे वाक्य? आपली बचत ज्या फंडात जाते तो कोणत्या कंपन्यांचे शेअर घेतो, हे किती जणींनी विचारलं आहे? कांदा-लसूण, रात्रीचं जेवण यांवर आपण सासू-सुना तासभर बोलतो. पैसा कुठून येतो, यावर घरात पाच मिनिटंही बोलणं होत नाही.

या चतुर्दशीला उपवास करा, एकाशन करा, जमेल ते करा. पण त्याबरोबर घरातल्या पुरुषांशेजारी बसून दुकानातल्या मालाची यादी एकदा वाचा. ज्या वस्तूचं मारण्याखेरीज दुसरं काम नाही, तिच्यावर काट मारा. महिन्याचे चार पैसे कमी येतील. येऊ देत.

जय जिनेंद्र.