रात्र कोणाची, वाहन कोणाचे?

जुलै २०२५ मध्ये मराठेशाहीच्या बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांपैकी सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन जलदुर्ग एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आहेत. या घटनेचा आनंद प्रत्येक कोकणवासीयाला झाला असेल, तसाच तो आम्हांसही झाला. परंतु अशा सन्मानामागून पर्यटनाची लाट येते, लाटेमागून भांडवल येते, आणि भांडवलामागून स्थानिक माणसाला आपल्याच गावात वाट पुसण्याची पाळी येते, हा जगभरचा अनुभव आहे. म्हणून या लाटेबरोबर येऊ घातलेल्या एका लहानशा गोष्टीचा विचार आज येथे करावयाचा आहे. ऐतिहासिक शहरे रात्रीच्या वेळी विजेच्या सायकलीवरून पाहण्याची पद्धत युरोपातील अनेक जुन्या नगरांत रूढ झाली आहे. ती मालवणच्या बाजारपेठेपर्यंत यावयास फार काळ लागणार नाही. ती येईल तेव्हा कोणाच्या मालकीची असेल, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथमच स्पष्ट केलेले बरे की, या कल्पनेला आमचा विरोध नाही. विजेची सायकल हे गरिबाला परवडू शकेल असे आणि शहाणपणाचे वाहन आहे. मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर आपल्या कायद्यानुसार अशी सायकल मोटार वाहन ठरत नाही. तिला नोंदणी लागत नाही, चालविणाऱ्यास परवाना लागत नाही. चारशे वॉट-तासांची बॅटरी भरावयास अर्ध्या युनिटहूनही कमी वीज पुरते. तिचा आवाज नाही, धूर नाही. हंगामात मालवणच्या अरुंद पेठेत चारचाकी गाड्यांची जी कोंडी होते, तिच्याशी तुलना केली म्हणजे या वाहनाचा गुण लक्षात येतो. डॉ. राममनोहर लोहिया ज्या लहान यंत्राचा पुरस्कार करीत, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. यंत्र माणसाच्या हाताशी असावे, माणूस यंत्राच्या पायाशी नसावा, हीच त्यामागील दृष्टी होती.

तसेच, श्रमिकांच्या पक्षाने विरंगुळ्याचा विचार कशाला करावा, ही शंकाही आम्हांस मान्य नाही. मालवण ज्या राजापूर मतदारसंघात होते, त्याचे प्रतिनिधित्व आधी बॅ. नाथ पै यांनी आणि पुढे १९७१ ते १९९१ पर्यंत प्रा. मधु दंडवते यांनी केले. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी गाद्या बसविल्या. सामान्य माणसाच्या पाठीलाही सुख कळते, एवढेच त्यांनी मानले होते. त्याच न्यायाने गिरणगावातील निवृत्त कामगाराने कुटुंबासह मालवणास यावे, उन्हे उतरल्यावर गार वाऱ्यात गाव पाहावे, इतिहास ऐकावा, यात कमीपणा कसला? उणीव एवढीच की, हे सुख आज ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यासाठीच आखले जाते.

आता पाहावयाचे ते काय? सूर्यास्तानंतर किल्ल्यावर जाता येत नाही. होड्या सायंकाळीच बंद होतात आणि पावसाळ्यात तर ही वाहतूक पूर्णच थांबते. पण किल्ला ज्या गावामुळे उभा राहिला ते गाव किनाऱ्यावर आहे. दांडीच्या किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा येथे पूजन करून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावरील बांधकामास प्रारंभ केला. हे काम सुमारे तीन वर्षे चालले. महाराजांचे नाव सर्वांच्या ओठांवर आहे आणि असावयासही हवे. परंतु पाण्यात पाया घालणारे पाथरवट, लोहार आणि दगड वाहून नेणारे खलाशी यांची नावे कोणत्या फलकावर आहेत? १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, पुढल्याच वर्षी तो करवीरकरांकडे परत गेला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांच्या हाती पडले. इतके फेरबदल पाहूनही तटबंदी साडेतीनशे वर्षे लाटा झेलीत उभी आहे. त्याच किनाऱ्यावर राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी मोठ्या समारंभाने उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे पुरते नऊ महिनेही होण्याआधी, कोसळला. घाईने केलेले प्रदर्शन आणि श्रमाने केलेले बांधकाम यांतील अंतर याहून कठोर शब्दांत सांगता येणार नाही. रात्रीच्या फेरीत वाटाड्याने हे दोन्ही सांगितले पाहिजे.

पण मालवणची रात्र म्हणजे केवळ भूतकाळ नव्हे. ती आजच्या माणसांच्या कामाची वेळ आहे. पर्यटक जेवून झोपावयास जातो तेव्हा होड्या समुद्रात असतात, आणि तो उठण्यापूर्वी बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झालेला असतो. वीज गेली तर अंधारात खांबावर चढणारा महावितरणचा कर्मचारी, मुक्कामी एसटी घेऊन येणारे चालक-वाहक, रुग्णालयातील परिचारिका, खाणावळीत मध्यरात्रीपर्यंत भांडी घासणारी बाई, या सर्वांची मिळून ही रात्र बनते. कोकणात रात्र ही परंपरेनेच सार्वजनिक आहे. जत्रेत पालखीनंतर उभा राहणारा दशावतार पहाटे दहीकाल्याने संपतो. त्याला तिकीट नसते आणि देवळाच्या आवारात शेतमजूर व सावकार एकाच जमिनीवर बसून तो पाहतात. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाच्या पालख्या निघतात तेव्हा सारी पेठ रस्त्यावर असते. अशा रात्रीला कुंपण घालून तिचे तिकीट विकावयाचे झाले, तर ते प्रथम या परंपरेच्या विरुद्ध होईल.

यंत्र चांगले, पण ते कोणाच्या हाती जाते यावर सारे अवलंबून असते, हे मालवणच्या मच्छिमाराला कोणी शिकवावयास नको. रापण ओढणाऱ्या गाबीत कुटुंबांनी आधी ट्रॉलर पाहिले, मग पर्ससीन जाळी पाहिली, आणि अखेर रात्रीच्या समुद्रात प्रखर दिवे लावून मासळी ओढून घेणाऱ्या एलईडी नौका पाहिल्या. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले; केंद्र सरकारने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी पारंपरिक मच्छिमारांना पुनःपुन्हा आंदोलने करावी लागली. दिव्यात दोष नव्हता. सर्वांचा समुद्र थोड्यांनी उजळून घेतला आणि बाकीच्यांच्या जाळ्यात अंधार ठेवला, हा दोष होता. समुद्रावर जे घडले तेच रस्त्यावर घडू द्यावयाचे काय?

शंकेला कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विजेच्या दुचाकी टॅक्सींचे धोरण मंजूर केले. ते एक लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे, आणि त्यात परवाना घेणाऱ्याकडे किमान ५० दुचाकींचा ताफा असावा अशी अपेक्षा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मालवणची लोकसंख्या वीस हजारांच्याही आत होती. म्हणजे हे धोरण मालवणला लागू नाही, परंतु त्यामागील मनोवृत्ती ओळखून ठेवली पाहिजे. पन्नास वाहने एकरकमी विकत घेणारा माणूस रिक्षाचालक नसतो. उद्या बाहेरच्या एखाद्या कंपनीने सायकली आणल्या, भाडे भ्रमणध्वनीवरून परस्पर मुंबईस किंवा बंगळूरला जमा झाले, आणि मालवणच्या तरुणाच्या वाट्यास त्या पुसून जागेवर लावण्याचे काम आले, तर त्याला विकास म्हणावयाचे काय? १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तेव्हापासून किनाऱ्याचे भाव वाढले. किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे भाग्य त्या मानाने किती उजळले, याचा हिशेब प्रत्येक वाडीने मांडून पाहावा.

यावर उपाय हाताशी आहे, आणि त्याचा नमुनाही मालवणातच आहे. बंदरातून किल्ल्यापर्यंतची प्रवासी वाहतूक स्थानिक होडीवाल्यांची संघटना चालविते. जो समुद्रात शक्य आहे तो मार्ग जमिनीवर अशक्य का व्हावा? रिक्षाचालक, मच्छिमार कुटुंबांतील तरुण-तरुणी आणि बचतगटातील स्त्रिया यांची एक सहकारी संस्था उभी राहावी. नगरपरिषदेने तिला बंदराजवळ व बसस्थानकाजवळ जागा आणि विजेची जोडणी द्यावी. प्रारंभ वीस-पंचवीस सायकलींनी करावा. दिवसा या सायकली गावकऱ्यांना नाममात्र दरात मिळाव्यात: अंगणवाडी सेविकेला, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला, देवबागहून बाजारास येणाऱ्या बाईला. रात्री त्याच सायकली पर्यटकास पूर्ण दराने द्याव्यात आणि त्या उत्पन्नातून दिवसाची सवलत भागवावी. रिक्षाचालकाला या योजनेत स्पर्धक न ठेवता भागीदार करावे, नाहीतर गरिबाविरुद्ध गरीब असा तंटा उभा राहील आणि त्याचा लाभ तिसराच घेईल.

सहकार म्हटले की पुढारी आणि घोटाळा आठवतो, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. महाराष्ट्रातील अनेक सहकारी संस्था घराण्यांच्या जहागिरी झाल्या आहेत. परंतु म्हणून सहकार सोडून कंपनीच्या दारी जाणे म्हणजे चोराच्या भीतीने घर दरोडेखोराच्या स्वाधीन करणे होय. संस्था लहान असावी, सभासद प्रत्यक्ष काम करणारेच असावेत आणि दरमहा हिशेब फलकावर लागावा. एवढी शिस्त पाळली तर पुढाऱ्याला तेथे शिरावयास फट राहत नाही.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा आहे. रात्रीचे पर्यटन म्हणजे सारा किनारा झगझगीत करणे नव्हे. या जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले उपजत ओढीने समुद्रावरील उजेडाकडे जातात. किनाऱ्यावर दिवे असतील तर ती उलट दिशेस भरकटून मरतात. म्हणून किनारे काळोखातच राहू द्यावेत, सायकलीचा दिवा खाली रोखलेला असावा, आणि कासवांच्या हंगामात वाळूवर फेरी नेऊच नये. उलट वाड्यांतील रस्त्यांवर, जेथे कामावरून परतणारी स्त्री चालते, तेथे मात्र दिवा पेटता असलाच पाहिजे. आज अनेक ठिकाणी याच्या उलट दिसते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने हा किनारा झोडपला, तेव्हा कित्येक गावे दिवसचे दिवस विजेवाचून राहिली. ज्या व्यवस्थेला वादळानंतर गावाचा दिवा लवकर लावता येत नाही, तिने पर्यटकासाठी रोषणाईचा आराखडा आधी करू नये.

विजेच्या वाहनाचा धूर दिसत नाही, तो नाहीसा होत नाही, हेही ध्यानी ठेवावे. राज्याची बरीचशी वीज आजही कोळशातून येते. मालवणात वाचलेला धूर चंद्रपूरच्या कामगारवस्तीत उतरतो. म्हणून या सायकली शक्यतो नगरपरिषदेच्या छपरावरील सौरविजेवर भराव्यात. इतक्या थोड्या विजेला तेवढे पुरते. एका भागाची स्वच्छ हवा दुसऱ्या भागाच्या फुप्फुसांतून वसूल करणे हे समाजवाद्यांस शोभणारे नाही.

आणि वाड्यांचे म्हणणे सर्वांआधी ऐकले पाहिजे. पहाटे समुद्रावर जाणाऱ्या माणसाची झोप रात्री नऊला लागते. त्याच्या ओटीसमोर दहा अनोळखी माणसे उभी करून छायाचित्रे काढणे हे इतिहासदर्शन नव्हे. कोणत्या गल्लीतून जावे, किती वाजता थांबावे, काय सांगावे, हे त्या त्या वाडीच्या सभेत ठरावे. वाटाडे त्याच वाड्यांतले असावेत. तटबंदीइतकीच रापणीची हकीकतही ते सांगू शकतील, आणि ती ऐकून पर्यटकही मालवणी जेवणापलीकडचे मालवण जाणून परतेल.

तालुक्यातील आमच्या कार्यकर्त्यांनी हे काम निवडणुकीची वाट न पाहता हाती घ्यावे. रिक्षाथांब्यावर, बंदरावर आणि बचतगटांत बैठका घ्याव्यात. इच्छुकांची यादी करावी. जागेसाठी व वीजजोडणीसाठी नगरपरिषदेकडे लेखी मागणी करावी. कुडाळ स्थानकावर रात्री उतरलेल्या प्रवाशाला मालवणपर्यंतच्या तीसेक किलोमीटरसाठी एसटी मिळावी, ही मागणीही त्याच निवेदनात घालावी. कारण सायकलीचे सुख गावात पोचल्यानंतरचे आहे, आणि सामान्य माणसाला आधी गावात पोचता आले पाहिजे. कंपनीचे प्रतिनिधी नकाशे घेऊन येण्यापूर्वी ही संस्था नोंदली गेलेली असावी. एकदा पेठेतील जागा दुसऱ्याच्या करारात गेली की मोर्चे काढून ती परत मिळविणे किती कठीण असते, हे समुद्रावर आपण पाहिलेच आहे.