एका दांड्यावर दोन बटणे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कारंज्याच्या घरातले शिलाई मशीन दोन महिने बंद होते. मशीन चांगले होते, पण त्याच्या टेबलावर विमान येऊन बसले होते. मागे जुना कॉम्प्युटर, पुढे प्लायवूडची फळी आणि फळीच्या पाठीमागे लोंबणाऱ्या रंगीत तारा. शेजारच्या खालाजान रोज डोकावून विचारायच्या, "उडाले का गं?" आमची लेक हसून म्हणायची, "खालाजान, आधी रेडिओ तर लागू द्या."

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे प्रवासी विमान सुरू झाले. लेकीची दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती. ती बातमी वाचून ती म्हणाली, "मला हेच शिकायचे आहे." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि फी, कर्ज, धाकट्या भावंडांची शिक्षणे, सगळे एका दमात तिच्यापुढे मांडले. शेवटी "ऐपतीतले काही तरी बोल" असेही म्हणून गेलो. तिने वाद घातला नाही. पुढचे आठ दिवस ती फारशी बोललीच नाही. कॉम्प्युटरवर फ्लाइटगिअर हा फुकट मिळणारा सिम्युलेटर लावायची आणि माऊसने विमान चालवत बसायची.

हे दादाअब्बांच्या लक्षात आले. त्यांचे एके काळी रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान होते. लोकांनी दुरुस्त करणे सोडले तसे दुकानही सुटले, पण सुट्या भागांची पत्र्याची पेटी त्यांनी कुणाला भंगारात देऊ दिली नाही. एके दिवशी असरनंतर ते नातीजवळ येऊन बसले. "बेटा, यात रेडिओ कुठे आहे?" तिने पडद्यावरचे बटण दाखवले आणि माऊसने फिरवले. दादाअब्बा म्हणाले, "रेडिओ कधी उंदराने लावतात का? रेडिओला हात लागतो."

म्हातारा माणूस गमतीत बोलला, पण बोलला ते खरे होते. वैमानिकाचे डोळे बाहेर आणि समोरच्या घड्याळांवर असावे लागतात. रेडिओ हाताने चाचपून लावता यावा म्हणूनच त्याला ठसठशीत गोल बटणे असतात. बटण एकच दिसते, पण असतात दोन: बाहेरचे मोठे आणि त्याच्या मध्यातून वर आलेले लहान. दोन्ही एकाच दांड्यावर, पण स्वतंत्र फिरणारी. मोठे फिरवले की मेगाहर्ट्झ बदलतात, लहान फिरवले की किलोहर्ट्झ. आमच्या घरात याला लगेच नाव पडले, रुपयाचे बटण आणि पैशाचे बटण.

दादाअब्बांना यात आणखी एक गोष्ट आवडली. आपण घरी ऐकतो तो एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा सुरू होतो. १०८ ते ११८ हा वाट दाखवणाऱ्या खुणांचा भाग, ११८ ते १३७ हा बोलण्याचा. बोलणे मात्र जुन्या एएम पद्धतीनेच चालते. "म्हणजे आपल्याच मोहल्ल्यातले शेजारी," ते म्हणाले.

असे दुहेरी बटण तयार घ्यायला गेलो तर आमच्यासाठी महाग. म्हणून साधे एकेरी रोटरी एन्कोडर दोन मागवले आणि प्रो मायक्रो नावाचा बोटाएवढा बोर्ड. खर्च हजाराच्या आत राहिला. एन्कोडर दिसतो रेडिओच्या व्हॉल्यूमसारखा, पण व्हॉल्यूमचा दांडा एका टोकाला जाऊन अडतो, हा अडत नाही. तो कितीही फिरवा, खट्-खट् करत राहतो. आमच्या एन्कोडरमध्ये एका फेऱ्यात २० खटके होते. आत दोन संपर्क असतात. कोणता आधी जुळला यावरून बोर्डाला कळते की बटण उजवीकडे फिरले की डावीकडे. बोर्ड कॉम्प्युटरला स्वतःची ओळख जॉयस्टिक म्हणून करून देतो आणि प्रत्येक खटक्याला एक कळ दाबल्याचा निरोप पाठवतो. हा प्रोग्राम लेकीने स्वतः शिकून लिहिला.

खरी अडचण हाताच्या कामाची. दोन बटणे एका दांड्यावर बसवायची कशी? दादाअब्बांनी भिंतीवरचे घड्याळ उतरवून उघडले. मिनिटकाट्याचा दांडा मधून येतो आणि तासकाटा त्याच्याभोवतीच्या पोकळ नळीवर बसतो. जवळजवळ असून दोघे आपापल्या चालीने चालतात. आम्हाला अस्तुरलाब आठवला. हुमायूनच्या काळातले लाहोरचे उस्ताद अल्लाहदाद आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या ही पितळी यंत्रे बनवत. त्यातही ताऱ्यांची जाळी आणि मोजपट्टी एकाच खिळ्याभोवती वेगवेगळी फिरते. युक्ती जुनी आहे, घराण्यांनी जपलेली आहे.

नळी मिळाली पेटीतच. टू-इन-वनच्या जाड अँटेनाचे कप्पे एकात एक सरकतात. बाहेरचे दोन कप्पे कापले, मधली घट्ट धरणारी पितळी पत्ती काढली आणि आतली नळी बाहेरच्या नळीत सैल फिरू लागली. आतली नळी सरळ पहिल्या एन्कोडरला जोडली. बाहेरची नळी फळीच्या भोकात बसवून तिच्या मागच्या टोकाला एक दातेरी चाक लावले. शेजारच्या दुसऱ्या एन्कोडरवर तेवढ्याच दात्यांचे दुसरे. आधी टेपचा रबरी पट्टा लावून पाहिला होता, पण त्यात खटका हाताला लागेना, सगळे लिबलिबीत वाटे. मग बिघडलेल्या प्रिंटरमधली चाके कामाला आली. प्लायवूडला भोक पाडताना पहिली फळी फुटली, दुसरीत भोक तिरके गेले. तिसरी साधली.

सगळे जोडले आणि नवेच संकट. एक खटका फिरवावा तर आकडा कधी दोन पुढे जाई, कधी उलटा मागे. लेक तीन दिवस प्रोग्राम तपासत राहिली. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "माझ्याकडून नाही होणार." दादाअब्बांनी कान जवळ नेऊन बटण हळूहळू फिरवले. "तुझे लिखाण बरोबर असेल बेटा. हा संपर्क नाचतो आहे." धातू धातूला टेकताना क्षणभर थरथरतो. आपल्याला एक खटका जाणवतो, पण बोर्ड इतका चपळ की त्याला पाच-सहा दिसतात. त्यांनी पेटीतून १०४ आकडा छापलेले चपटे कपॅसिटर काढले. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. प्रत्येक संपर्काची तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक-एक डाखला. लेकीने प्रोग्राममध्येही थरथर गाळण्याची सोय केली. मगरिबच्या आधी आकडे शिस्तीत चालू लागले.

त्या रात्री लाईट गेली. परत आल्यावर लेक म्हणाली, "आता माझी परीक्षा घ्या." १२१.५ मेगाहर्ट्झ ही जगभर विमानांच्या संकटासाठी राखलेली जागा. रेडिओ ११८.००० वर ठेवला आणि तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. तिने मोठे बटण तीन खटके फिरवले: १२१. मग लहान बटणाचा एक पूर्ण फेरा. एका खटक्याला २५ किलोहर्ट्झ आम्ही ठरवले होते, म्हणजे २० खटक्यांचे ५००. पडद्यावर १२१.५०० उभे होते. हा आकडा आधी बाजूच्या खिडकीत राखीव बसतो. बटण दाबले की चालू आकड्याच्या जागी येतो. आधी तयारी, खात्री, मग बदल. घरातले पुष्कळ निर्णय आपण असे घेत नाही, हे आम्हाला तेव्हा टोचले.

मग आम्हीच तो बंद केलेला विषय उघडला. यावेळी दोघांनी बसून आकडे पाहिले. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तास उड्डाण लागते. घरच्या सिम्युलेटरवरचा एक तासही त्यात धरत नाहीत. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते. आपल्या विदर्भात गोंदियाजवळ बिरसीला उड्डाण शिकवणारी संस्था आहे. खर्च लाखांत आहे आणि तो आज आमच्याकडे नाही. हे आम्ही लपवले नाही, पण "ऐपतीतले बोल" हे वाक्य मागे घेतले. हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा यांचे वडील बेकरीत काम करत. त्यांनी २०१३ मध्ये हा परवाना मिळवला. मूळचे साताऱ्याकडचे अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. ही माणसे रोज सापडत नाहीत, हेही लेकीला सांगितले. ती म्हणाली, "मला आज हो नको. बारावीला फिजिक्स-गणित घेते आणि तोपर्यंत शिष्यवृत्तीची माहिती काढते. तोवर नाही म्हणू नका." आम्ही कबूल केले.

वाचक भगिनी-बंधूंनो, तुमच्या घरी सुट्टीत मुले पडद्याला चिकटली असतील तर पडदा हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसून पाहा, ती काय शोधत आहेत. मग त्यातली एक वस्तू हाताने बनवायला सांगा. काम पाच व्होल्टचेच ठेवा, भिंतीतल्या विजेला मुलांना हात लावू देऊ नका, आणि डाखणीजवळ मोठे माणूस असू द्या. घरात एखादे जुने कारागीर असतील तर त्यांना नुसते बसवू नका, विचारा. हजरत दाऊद अलैहिस्सलाम आपल्या हाताने चिलखते बनवत, हे आपण मुलांना सांगतोच. हाताचे काम त्यांना करूनही पाहू द्या.

आमचे शिलाई मशीन आता पुन्हा चालू आहे. फळी भिंतीला टेकवून ठेवली आहे. दादाअब्बा जाता-येता बटण फिरवून पाहतात. पुढच्या सुट्टीत दिशादर्शक रेडिओचे दुसरे बटण करायचे ठरले आहे, इन्शाअल्लाह. अँटेना हवी आहे. कुणाच्या माळ्यावर जुना टू-इन-वन पडला असेल तर फेकू नका.