हिरवा चुडा, हिरवा पडदा
दांडी गावाला समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी लग्नाचा फोटो काढायला बोईसरचा स्टुडिओ गाठलेल्या जोडप्याला मागे काश्मीरच हवं असतं. असू दे, आपल्या आजोबांनीही रंगवलेल्या महालाच्या पडद्यापुढे छाती फुगवलीच होती. अडचण वेगळीच आहे. मागचं दृश्य संगणकावर बदलायचं तर माणसाला हिरव्या पडद्यापुढे उभं करतात, आणि यंत्र दिसेल तो हिरवा रंग पुसून टाकतं. आपली नवरी तर हिरवा चुडा भरून आलेली! मनगटावर बांगड्यांच्या जागी दल सरोवराच्या पट्ट्या उमटतात. अशा वेळी निळा पडदा घ्यावा, नाहीतर सरळ प्रोजेक्टर. १९६८च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात आफ्रिकेचं माळरान असंच प्रोजेक्टरने स्टुडिओत उभं केलं होतं. कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा, त्यावरून फेकलेलं चित्र आणि मागे उजेड आल्या वाटेने परतवणारा पडदा. चित्राचा झोत आणि कॅमेरा एका रेषेत, म्हणून माणसाची सावली त्याच्याच पाठीमागे लपते. एवढं करूनही चोरी पकडली जाते ती उजेडाच्या दिशेने. मावळता सूर्य पाठीशी घेतला तर चेहरा थोडा काळवंडायलाच हवा. स्टुडिओतल्या फोटोत मात्र नाकावर दोन दिवे चमकत असतात. आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला असताना क्षितिज नवरदेवाच्या गुडघ्याशी कसं येईल? दांडीतल्या कुठल्याही पोराला किनाऱ्यावर उभं करून विचारा.